सँडीच्या आईचा तपास

एडिंबरा, ४ फेब्रुवारी १९८८

ती. एफीआत्यास,
जीनचा सप्रेम नमस्कार. तू विणलेला मफलर पोचला, इथल्या वाऱ्यात तोच माझा वाली.

बाबांचा कॅनडाहून फोन होता. डॉक्टरांनी हात टेकलेत. बाबा म्हणाले, स्कॉटलंडात शिकायला गेलीच आहेस, तर माझी आई कधी, कुठे गेली एवढं शोध. ती आम्हाला टाकून कॅनडाला पळाली असं आजोबा सांगायचे, पण कदाचित मागाहून तिकडेच परतली असेल. खरं काय ते कळलं की सुखानं डोळे मिटेन. बोलताना रडले गं ते.

मी रोज नोंदणी कचेरीत बसतेय. एल्स्पेट मेअर या आजीच्या नावाच्या बायका ढिगानं सापडतात, त्यांतली आपली कशी ओळखू? तिचं नाव काढलेलं तुला खपत नाही, ठाऊक आहे. तरी विचारते. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी जीन

पोर्टनॉकी, ९ फेब्रुवारी

चि. जीनला अनेक आशीर्वाद.
अगं कॅनडाचे शहाणे! आमच्या किनाऱ्यावर अर्धं गाव मेअर. अशी शोधशील तर जन्म जाईल. आमच्याकडे बाईनं कितीही संसार केला, तरी मेल्यावर दप्तरात आणि दगडावर तिचं माहेरचं आडनाव असतंच. तिचं माहेर फिंडले. घे, लिहिलं बाई एकदाचं.

मी दहा वर्षांची होते, तुझा बाप सँडी चारचा. तान्हं बाळ गेलं आणि महिन्याभरात ती घरातून नाहीशी झाली. तेव्हापासून ओटच्या भाकऱ्या मीच थापल्या. सँडी विसाव्या वर्षी कॅनडाला गेला तो पोटासाठी, असं गावाला वाटतं. तो तिला शोधायला गेला. जन्मभर रस्त्यावरच्या बायकांची तोंडं बघत हिंडला, वेडा! आणि तेही असल्या आईसाठी. सापडली तर त्याला कळव, मला नको.

खोकल्यावर मध घे, आणि या म्हातारीला विसरू नकोस.
तुझी आत्या

एडिंबरा, १६ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.
तू नको म्हणालीस, तरी तुलाच लिहिते. बाबांना सांगायची छाती होत नाही. आजी सापडली. ती कॅनडाला गेलीच नव्हती. तुमच्या गावापासून तासाभरावर वेड्यांचं इस्पितळ होतं, तिथे ती पंचवीस वर्षं होती. १९४६च्या मार्चमध्ये क्षयानं गेली. नोंदीखाली खबर देणाऱ्याची सही आहे: जेम्स मेअर, नवरा, मृत्यूसमयी हजर. आजोबांना सगळं ठाऊक होतं, आत्या.

म्हणजे सदतीस साली बाबा बोटीत चढले तेव्हा ती इथेच जिवंत होती. हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? शनिवारी विमानानं घरी जातेय. तू सांगशील तसं करीन.
तुझीच, जीन

पोर्टनॉकी, १८ फेब्रुवारी

चि. जीनला आशीर्वाद.
पत्र वाचलं. तुझे आजोबा दर महिन्याला जाळ्याचं सूत आणायला जायचे. सूत आणायला कोण दाढी करून, धुतला सदरा घालून जातं? मला कधी सुचलंच नाही. वेडीची पोरं म्हणून कुणी हिणवू नये, माझं लग्न अडू नये, म्हणून झाकलं असणार. लग्न तर झालंच नाही. आणि मी मेली तासाभरावरच्या आईला शिव्याशाप देत म्हातारी झाले. ती आमची वाट बघत बसली असेल का गं? हे मला मरेपर्यंत खाणार. ते माझं मी बघेन.

सोबत सँडीसाठी चिठ्ठी आहे. त्याला वाचून दाखव. एक अक्षर बदलू नकोस, आणि तुझं शहाणपण मध्ये आणू नकोस. नीट जा, पोचल्याचं कळव.
तुझी आत्या

चि. सँडीस ताईचे अनेक आशीर्वाद.
जीननं आईचा पत्ता लावला रे. ती आपल्याला टाकून गेली नव्हती. बाळ गेल्यावर तिला ताप भरला, बाबांनी तिला इस्पितळात नेलं आणि त्याच थंडीत ती गेली. बाबा उशाशी होते. आपण लहान, त्यांना सांगायचा धीर झाला नाही, मग राहूनच गेलं. तू बोटीत चढलास तेव्हा तुझी वाट बघायला इथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आता नीज, बाळा.
तुझी ताई, एफी