केळीचं पान का फाटतं

१२ एप्रिल १९३६
भिंग आलं! ह्यांनी पुण्याहून पाठवलं, शेतकीच्या वर्गातून. पत्रात एकच ओळ — "केळीचं पान बघ आणि कळव." कळवते की! सारंगखेड्यात राहून केळी नाही बघायची तर काय बघायचं?

१३ एप्रिल
अगं बाई! पान म्हणजे नुसता हिरवा कागद नव्हे! मधला दांडा पन्हळीसारखा, म्हणून एवढं लांब पान ताठ राहतं. त्याच्यातून कडेपर्यंत बारीक शिरा, एकीला लागून एक, सगळ्या सरळ. तुकडा लाल शाईत उभा केला. थोड्या वेळाने शिरा लालेलाल! पाणी इथूनच जातं. मी ओरडलेच. सासूबाई चुलीपासून — "काय वं, इच्चू चावना का?"

१६ एप्रिल
नणंदेचं, सरलाचं लग्न ३ मेला. पंगतीला अखंड पानं हवीत. वाऱ्याने फाटू नयेत म्हणून बापांनी — माझ्या सासऱ्यांनी — मळ्यातल्या दोनशे झाडांच्या पानांचे शेंडे शेजारच्या झाडांना बांधून टाकले. "फाटेल पानवर व्याहीसले जेवाडू का? मन्ही इज्जत जाई!"
पानं मांडवाच्या कापडासारखी ताणलेली, खाली भरलेले घड. वैशाखाचा वारा भरला तर झाडं मुळासकट जातील. वर्षाचं पीक!

१७ एप्रिल
कळलं!! कुंपणाबाहेरच्या केळीचं फाटकं पान भिंगाखाली धरलं. फाटतं ते दोन शिरांच्या मधूनच. एक शीर मोडत नाही! प्रत्येक चिंधी दांड्याला धरून, हिरवीगार, पाणी पिते, ऊन घेते. वारा फटींतून निघून जातो आणि झाड उभं राहतं. फाटतं तेच त्याचं शहाणपण!
बापांना सांगितलं. "पुस्तक वाचीसन केळी पिकतीस का?"

२० एप्रिल
भर दुपारी सगळे आडवे झाले. मी विळा घेतला. विहिरीजवळच्या ओळीतल्या गाठी कापल्या, पानं शिरांमधून चिरली. अकरा झाडं झाली. बाराव्याला बापा पाठीशी! "लगीनघरमा पानले विळा लावस?"
सासूबाईंनी भिंग घेतलं आणि आपल्या पेटीत टाकलं. मला मळाबंदी. खूप रडले. रागानेच जास्त.

२४ एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. झोका बांधलाय. बसावंसं वाटत नाही.

२७ एप्रिल
बापा मंडळींना घेऊन नंदुरबारला गेले, लग्नाच्या बस्त्याला. तीन दिवस. सासूबाई नाही गेल्या! पोटच्या पोरीचा बस्ता सोडून? म्हणे गुडघा दुखतो. आणि तोच दुखरा गुडघा घेऊन गजराबाई मजुरणीबरोबर दिवसभर गोवऱ्या वेचायला! नवलच आहे बाई.

२९ एप्रिल
वादळ! दुपारी चारला आलं. चार घरांचे पत्रे उडाले. अर्ध्या तासात शांत. मळाबंदी गेली खड्ड्यात — मी पळाले!
शेजारच्या चुडामणदादांची बाग भुईसपाट. बापांचं बघून त्यांनीही पानं बांधली होती. आणि आमची? दोनशेच्या दोनशे उभी! घडांसकट! पानांच्या नुसत्या चिंध्या, गाठ एकही नाही.
बापा बस्त्याच्या गाडीतून उतरून थेट बांधावर आलेले. माझ्याकडे वळले. "तूच करं ना हाई?"
देवाशप्पथ, अकराच! बाकीची कोणी चिरली?
बापांनी एका घडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पंगतले पळसन्या पत्रावळ्या सांगी द्या."

३० एप्रिल
भिंग माझ्या उशाशी! काचेवर अंगठ्याचा काळपट ठसा. केळीच्या चिकाचा. मागच्या दारी गेले तर सासूबाई लुगडं घासताहेत, पदरभर तेच डाग. ते कधी निघतात थोडेच! मला बघून हसल्या. "तीन दिन मीबी देखं भिंगमा. आते निंबनं पान दखाड."