सुपातून आलेली

आई, आज दुपारी हिंगोलीच्या माझ्या घरी एक म्हातारी आली आणि म्हणाली, "मी तुमची मोठी बहीण." म्हणून, तू नसलीस तरी, तुला लिहायला बसले आहे. शाळा चालवण्यात माझा जन्म गेला; पुराव्याशिवाय मी कोणाचं ऐकत नाही. तिलाही विचारलं, "कशावरून?"

"सुपावरून. आपल्या हिंगोलीजवळच्या गोरेगावात, तुमच्या माईच्या दारी, अम्मी सूप घेऊन पुढं, मी मागं. पाच वर्सांची व्हते. बाप मरून दोन महिने झालते. तुमच्या माईचं लेकरू त्याच दिवशी गेलतं."

सुपाची गोष्ट तूच मला सांगायचीस. आधीची तीन लेकरं जगली नाहीत, म्हणून रिवाजाप्रमाणे मला सुपात घालून पायलीभर ज्वारीवर बांगड्यावाल्या मणियारणीला विकलं आणि लगेच परत घेतलं. गावात अशी कितीतरी पोरं होती, कोणाला शंका आली नाही. मी मुळात मणियारणीचीच होते, एवढंच तू गाळलंस.

ती दर सणाला यायची. बांगडी चढवताना माझा हात इतका वेळ चोळत बसायची, की एकदा मी तो ओढून घेतला. "लई दाबते ही!" तू चुलीपासून उठलीस आणि पाठीत धपाटा घातलास. "हात वढू नको. काहून घाई करून राहिलीस?" मग परसात निघून गेलीस. दरवेळी जायचीस. तव्यावर भाकरी करपायची. एरवी इतकी काटेकोर बाई भाकरी का करपू देते, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

निजामी संपवायला फौज आली, पोलीस अ‍ॅक्शन झाली, तेव्हा मी बारा वर्षांची. टोळकी मुसलमानांची घरं हुडकत फिरताहेत. मणियारीण आपल्या चुलीपुढं बसली आहे, तू तिला पीठ मळायला दिलं आहेस, आणि दारात चौघे, ओळखीचेच.

"काकू, आत कोण हाय?"

"माझ्या घरचं माणूस हाय. काहून रे, भाकर मागाया काठ्या घेऊन आले का?"

"ती मणियारीण..."

"उंबरा वलांडून दाखव. तुझ्या मायला बोलावते आन् इचारते, तू जन्मला तवा तिच्या उशाशी कोण बसलं व्हतं."

ते गेले. तू आत येऊन तिला म्हणालीस, "पानी जास्त झालं बग तुझं." माझी आई धीट होती, असं मी पोरींना वर्षानुवर्षं सांगत आले. त्या दिवशी तू मला जन्म देणारीला वाचवत होतीस, आणि ती एक शब्द बोलली तर तुझी लेक तुझी राहणार नाही, हेही तुला ठाऊक होतं. तरी तिला चुलीपुढंच बसवलंस, माझ्याशेजारी.

म्हातारीनं फार काही मागितलं नाही. "अम्मी जाताना म्हणाली व्हती, त्या घरातली माझ्या लेकीच्या अंगाची एक तरी चीज आन. हिंमत झाली न्हाई इतकी वर्सं. तुमी हाकलून द्याल वाटलं."

"मी धाकटी आहे," मी म्हणाले. "मला तुमी म्हणू नका."

दिलं ते लिहून ठेवते: तू शिवलेली, मी कॉलेजात पांघरलेली वाकळ, एक. माझा पत्ता घालून पोस्टकार्डं, तीन. वाकळ कुठं गेली, असं संध्याकाळी सुनेनं विचारलं. धुवायला दिली, असं मी सांगितलं.