एका संस्थेचा एकच अर्ज

३ जून, मंगळवार

पक्की बातमी. फाउंडेशन यंदा वैद्यकीय संशोधनाच्या निधीसाठी प्रत्येक संस्थेकडून एकच अर्ज घेणार. रिसर्च ऑफिसच्या बाईंनी दुजोरा दिला, तोही दोनदा. दुसऱ्यांदा मी आवाज चढवला म्हणून. कॉलेजातल्या ज्या कुणाला इच्छा असेल त्याने वीस तारखेपर्यंत दोन पानांत आपली कल्पना मांडायची. समिती त्यातली एक निवडणार आणि तेवढीच पुढे जाणार.

म्हणजे माझी. बाईंना तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, हो सर, पण फॉर्म तरी भरा.

ही वही आजपासून. बायकोचं म्हणणं, राग वहीवर काढा, घरात बश्या कमी उरल्यात. अतिशयोक्ती. मी आजवर एकच बशी फोडली आणि ती आधीच तडकलेली होती.

संकल्प: रागवायचं नाही.

५ जून, गुरुवार. पहाटे पाच (ठरलेली वेळ). पावणेनऊ (प्रत्यक्ष)

विषय अकरा वर्षं तयार आहे. जांभई आणि रक्तदाब. माणूस तासाला किती जांभया देतो यावरून त्याचा रक्तदाब पुढे वाढणार का, हे सांगता यायला हवं. जगात याला कुणी हात घातलेला नाही. मी बावीस वर्षं फिजिऑलॉजी शिकवतो. शंभर मुलांचा वर्ग, पंचेचाळीस मिनिटं. नमुना कधी कमी पडत नाही. इतरांच्या तासाला मागच्या बाकावर बसून मोजलंय, निम्म्यासुद्धा मिळत नाहीत.

रोज एक पान. दोन दिवसांत काम फत्ते. उरलेले दिवस मजकुराला पॉलिश.

८ जून, रविवार

पान झालं नाही. कारणं: (१) खुर्ची. (२) वरच्या मजल्यावरचा ड्रिल मशिनवाला. (३) बायकोने विचारलं, किती झालं. असं विचारलं की होत नाही.

शीर्षक मात्र झालं. चार ओळींचं आहे.

१० जून, मंगळवार

अण्णांना पायाच्या ओपीडीत नेलं. अण्णा म्हणजे माझे वडील, वय एक्क्याऐंशी, मधुमेह जुना, डाव्या तळव्याला जखम. मार्चमध्ये ती मोठ्या नाण्याएवढी होती, आता शर्टाच्या बटणाएवढी. आठवड्यातून दोनदा दोन नर्स धुऊन पट्टी बदलतात. ओपीडी चालवते माझी एके काळची विद्यार्थिनी. आम्ही स्टाफरूममध्ये तिला पट्टीबाई म्हणतो. म्हणजे मी म्हणतो.

दोघी नर्स कंत्राटावर. कंत्राट ऑगस्टअखेर संपतं. मोठ्या सिस्टर अण्णांना सांगत होत्या, आजोबा, ओपीडी सुरू झाल्यापासून वर्षाला एखाद्याचाच पाय कापावा लागतो, त्याआधी नऊ-दहा जायचे. अण्णा म्हणाले, मग तुम्हाला काढतायत कशाला, पाय उरले म्हणून?

मी त्यांना धीर दिला. माझा निधी आला की दोघींना घेतो, जांभया मोजायला माणसं लागणारच आहेत. सिस्टरनी मान खाली घालून पुढची पट्टी कापायला घेतली. बहुधा भारावल्या.

घरी येताना अण्णा म्हणाले, अरे, जांभया मोजतोस हे बाहेर फार बोलू नकोस. अख्खं आयुष्य घड्याळदुरुस्तीत गेलेल्या माणसाला संशोधन काय कळणार. सोडून दिलं. रागावलो नाही. गाडीचं दार जरा जोरात लागलं एवढंच.

१२ जून, गुरुवार

पट्टीबाईसुद्धा अर्ज करतेय. कँटीनवाल्याने सांगितलं आणि तो कधी चुकत नाही. पायाच्या ओपीडीवर. तीन वर्षं कुणाची जखम कशाने भरली, याचा अभ्यास, दोघी नर्सचा पगारही त्यातूनच. यात नवीन काय? जखम झाली, पट्टी बांधली, बरी झाली. आमच्या वेळी याला काम म्हणायचे.

तोंडी परीक्षेत मी हिला दहापैकी सात दिले होते. चार देता आले असते.

संध्याकाळी स्वतःच आली. सर, दोनच पानं आहेत, एकदा नजर टाकाल का, मला तुम्हाला एक विचारायचंही आहे. म्हटलं, ठेव. पहिली ओळ वाचली: 'आमच्या ओपीडीत येणाऱ्या माणसांना पाय वाचवायचा असतो.' हे काय वाक्य झालं? एकही अवघड शब्द नाही. पुढे वाचण्यात अर्थ नव्हता.

१३ जून, शुक्रवार

तिची पानं परत दिली. शेरा एकच लिहिला: 'फॉन्ट मोठा करावा.' विरोधकाला मदत करण्याइतकं मन आपलं मोठं आहे. तिने विचारलं, सर, बाकी सगळं चालेल ना तुम्हाला? म्हटलं, मला काय, चालेल. ती फार खूश झाली. का, ते कळलं नाही.

१९ जून, गुरुवार. सकाळी अकरा

लिहायला बसलो ते थांबेचना. नऊ पानं झाली. रिसर्च ऑफिसच्या बाई म्हणतात दोन म्हणजे दोन. मी म्हटलं, आशय बघा. त्या म्हणाल्या, सर, मी पानंच बघते, आशय समिती बघते. असल्या माणसांमुळे विज्ञान मागे राहतं.

तोडगा काढला. समास काढून टाकले, अक्षर बारीक केलं. नऊची दोन झाली. बाईंनी कागद खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, आणि शिपायाला सांगितलं की आतून भिंग आण. टिंगल होती. लक्षात ठेवलंय.

२७ जून, शुक्रवार

निवड: पट्टीबाई.

नोटीस बोर्डावर लागलंय. तीनदा वाचलं. पाच जणांची समिती, पाच मतं तिला. माझ्याबद्दल एक ओळ: 'वाचता आले तेवढ्यावरून हेतू स्पष्ट होत नाही.'

डीनकडे गेलो. डीन मला दोन बॅच ज्युनिअर. हातात दुसरीच फाईल धरून म्हणाला, डॉक्टर, पुढच्या वर्षी बघू. म्हटलं, पुढच्या मार्चमध्ये मी रिटायर होतोय. म्हणाला, अच्छा, मग प्रश्नच मिटला.

प्रश्न मिटला. अकरा वर्षं, आणि प्रश्न मिटला.

घरी आलो. बायकोने बश्या वरच्या फळीवर ठेवल्या. अण्णा म्हणाले, ती मुलगी निवडली गेली का, वा, बरं झालं, माझ्या पायाची काळजी मिटली. माझे स्वतःचे वडील.

३० जून, सोमवार

राग ओसरला. आता विचार शांत आहेत.

फाउंडेशनचं पोर्टल उघडलं. कुणीही खातं काढू शकतं. मीही काढलं. नियमावली चौतीस पानांची. पहिली चार नीट वाचली, पुढचं नवशिक्यांसाठी असतं. मी अर्ज करू नये असं त्या चार पानांत कुठेही नाही.

'एकच अर्ज' हा नियम कॉलेजांनी पन्नास-पन्नास अर्ज पाठवू नयेत म्हणून असणार. एकाच्या जागी दोन गेले म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. उलट त्यांना निवड करता येईल, आणि निवड करायला बसले की माझा अर्ज उचलणारच. संस्थेचंच भलं आहे. मी संस्थेसाठी करतोय.

२ जुलै, बुधवार. दुपारी दोन वाजून दहा

अर्ज गेला. नऊच्या नऊ पानं, मोकळ्या अक्षरात.

संस्थेचं संमतिपत्र मागत होते. ड्रॉवरमध्ये जुन्या डीनच्या सहीचं एक सापडलं: 'यांच्या जाण्यास संस्थेची हरकत नाही.' ते एका परिषदेसाठी मागितलेल्या रजेचं होतं, पण मजकूर लागू पडतो. जोडलं. पोर्टलने घेतलं. म्हणजे नियमात आहे.

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. बायकोला सांगितलं. ती पेपर तपासत होती. म्हणाली, अहो, एकच पाठवायचा होता ना? समजावलं. तिने लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, माझ्याकडे एकाच नंबरच्या दोन उत्तरपत्रिका आल्या तर मी दोन्ही बाजूला काढते, तपासत नाही. शाळामास्तरीण. प्रत्येक गोष्ट परीक्षेवर नेते.

तिने परत विचारलं, मागे घेता येतो का तो अर्ज? म्हटलं, येतो, शुक्रवारपर्यंत, पण का घेऊ? ती म्हणाली, अण्णांचा पाय आहे म्हणून. मी म्हटलं, अण्णांचा पाय आणि फाउंडेशन, काय संबंध. तिने टोपण काढलं आणि पुढचा पेपर घेतला. याला मी संमती समजतो.

१५ जुलै, मंगळवार

अण्णांची जखम मसुराच्या दाण्याएवढी. पट्टीबाई म्हणाली, अजून दोन महिने, एकही ड्रेसिंग चुकवायचं नाही. हल्ली प्रसन्न असते. अर्ज गेला म्हणून नर्सना सांगत होती, आता तीन वर्षं बिनघोर. मोठ्या सिस्टरनी मुलीची शाळा बदलण्याचं रद्द केलं म्हणे.

मी नुसता हसलो. हरल्यावर वाईट वाटेल बिचारीला. तेव्हा तिला माझ्या प्रकल्पात सहायक म्हणून घ्यायचं ठरवलंय.

४ ऑगस्ट, सोमवार

फाउंडेशनचं पत्र आलं. 'आपल्या संस्थेकडून दोन अर्ज आले. नियम ५.२ नुसार दोन्ही न वाचता बाद करण्यात येत आहेत.'

न वाचता. एवढा मोठा लोकांचा पैसा सांभाळतात आणि नऊ पानं वाचायला होत नाही. नियम ५.२ पाचव्या पानावर आहे. एवढा महत्त्वाचा नियम पहिल्या चार पानांत घालायला काय झालं होतं?

लगेच उत्तर लिहिलं: दोन अर्ज ही अडचण असेल तर दुसरा रद्द करावा, माझा ठेवावा. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं की या पत्त्यावर आलेली पत्रं कुणी वाचत नाही.

तिथेही कुणी वाचत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

डीनच्या केबिनमध्ये बोलावणं. रिसर्च ऑफिसच्या बाई होत्या, पट्टीबाई होती. टेबलावर माझ्या रजेचं पत्र. डीनने त्यावर बोट ठेवून विचारलं, डॉक्टर, हे कुठे जाण्यासाठी होतं? म्हटलं, परिषदेला. म्हणाला, गेला होतात? म्हटलं, नाही, पाऊस होता.

मी ओरडणार होतो. तयारी करून गेलो होतो. समोर कुणी ओरडेचना, मग सुरुवात कुठून करायची.

पट्टीबाईने एकच विचारलं. सर, माझी पानं तुम्ही वाचली होती ना? म्हटलं, हो तर. ती म्हणाली, दुसऱ्या पानावर मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव होतं. तेच चालेल का विचारायला आले होते. तुम्ही म्हणालात, चालेल. समितीने विचारलं तेव्हाही मी सांगितलं, सर तयार आहेत.

बाईंनी पानं माझ्यापुढे सरकवली. नाव होतं. हुद्द्यासकट, मोठ्या फॉन्टमध्ये.

डीन म्हणाला, पुढचा निधी दोन वर्षांनी. नर्सचं कंत्राट वाढवायला कॉलेजकडे तरतूद नाही. पायाची ओपीडी सत्तावीस ऑगस्टला बंद. मला लेखी खुलासा मागितलाय.

८ ऑगस्ट, शुक्रवार

खुलासा लिहितोय. सहा पानं झाली. मुख्य मुद्दा: मार्गदर्शकाचं नाव पहिल्या पानावर टाकायचं असतं.

बायको बोलत नाही. जेवण वाढते आणि पेपर तपासायला बसते. पेपर परवाच संपलेत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ओपीडीबाहेर यादी लावलीय. एकशे चाळीस रुग्ण. प्रत्येकाच्या घरातल्या एका माणसाला ड्रेसिंग शिकवणार, बंद होण्याआधी. अण्णांच्या नावापुढे लिहिलंय: 'मुलगा (डॉक्टर).'

बायको जाईल असं मी सुचवलं. अण्णा म्हणाले, तिला शाळा असते, तुला काय असतं?

रागावलो. त्यांना म्हटलं, तुम्हाला माहितीये का कुणामुळे बंद होतेय ही ओपीडी? बोलून गेलो मग लक्षात आलं. अण्णा म्हणाले, माहितीये, सूनबाईने सांगितलं, गेल्या बुधवारी. आणि पाय स्टुलावर ठेवून पेपर वाचत बसले. आठवडाभर माहीत होतं आणि चकार शब्द नाही काढला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पहिला प्रयत्न. शेवटच्या रुग्णाला हात लावून मला बावीस वर्षं झाली, पण सिद्धान्त पक्का आहे, सिस्टरना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, सिद्धान्त राहू दे सर, ग्लोव्हज घाला. ग्लोव्हज फाटले. दुसरे घातले. सलाईनने धुवायचं, मधून बाहेर पुसायचं. मी बाहेरून मध्ये पुसलं. पट्टी घट्ट झाली, अण्णांची बोटं पांढरी पडली. अण्णा बाकाची कड धरून होते. माझ्या शेजारी एक रिक्षावाला आपल्या बायकोच्या पायाला पट्टी बांधत होता. त्याला एका खेपेत जमलं. त्याने सिस्टरना विचारलं, या साहेबांना मी दाखवू का?

सिस्टरनी माझ्या कागदावर लिहिलं: 'पुन्हा शिकवणे.'

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दुसरा प्रयत्न. 'पुन्हा शिकवणे.' जखम परत बटणाएवढी. पट्टीबाईने वाकून पाहिली, फोटो काढला, तारीख घातली. अण्णांना म्हणाली, आजोबा, कड लाल आहे, ताप आला तर सोमवारची वाट बघू नका.

२४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी सहा

टेबलाच्या पायाला चार वेळा पट्टी बांधली. चौथी बरी होती. बायकोने तिच्याखाली बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, सैल आहे. तीन आठवड्यांतला तिचा पहिला शब्द.

अण्णांना ताप, नव्याण्णव पूर्णांक चार. सिस्टरना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या नऊला या, पट्टी तुम्हीच बांधायची, डॉक्टर मॅडम समोर उभ्या राहून बघतील. जमलं तर अण्णा घरी. नाही जमलं तर वॉर्डात दाखल करून घेतील आणि सर्जनना पाय दाखवतील. मंगळवारी बोलावता आलं असतं, पण मंगळवारची यादी भरलीय आणि बुधवारपासून ओपीडीच नाही.