न पाडलेली मोहोळघार

२ मे, शिल्ला
पोचलो. खोलीतून समुद्र दिसतो, मान थोडी बाहेर काढली की. योजना: सकाळी पक्षी, दुपारी प्रेक्षणीय स्थळं. पक्ष्यांचं वेड ओर्नेल्लाचं. नवऱ्याने बायकोच्या छंदात रस घ्यावा म्हणून मीही दुर्बीण घेतली. तिच्यापेक्षा महाग. शिवाय ती उत्तरेतल्या तुरिनची, मी इथला, दक्षिणेतला. या डोंगरांची ओळख तिला मीच करून देणार.
ठराव: सुट्टीत चिडायचं नाही.

३ मे
मामेभाऊ सान्तो भेटायला आला. बसायच्या आत विचारलं, काय तुरिनकर, इतकी वर्षं उत्तरेत काढलीस, तुझ्या वाटणीची मोहोळघार कोण पाडतं?
आमच्याकडची जुनी समजूत. वसंतात मोहोळघारी सामुद्रधुनी ओलांडून येतात. नवऱ्याने एक तरी बंदुकीने पाडायची. नाही पाडली तर त्या वर्षी बायको दुसऱ्याच्या नादी लागते आणि गाव नवऱ्याला शिंगवाला म्हणतं. वडिलांनी एकही वर्ष चुकवलं नाही. आता कायद्याने बंदी आहे आणि ते योग्यच आहे. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला, वर्तमानपत्र वाचणारा माणूस. असल्या गोष्टी मी मानत नाही. सान्तोला हसून तसं सांगितलं.
तो हसला नाही. म्हणाला, डोकं तुझं आहे बाबा.

४ मे
डोंगरावर निरीक्षणाची जागा. उत्तरेकडची हौशी मंडळी तिथे पक्षी मोजत बसतात. म्होरक्या इंजिनियर बर्तोल्दी, बेर्गामोचा. विधुर. उंच. ओर्नेल्लाला पाहताच त्याने टेलिस्कोपचा स्टँड तिच्या उंचीला लावून दिला. माझ्या उंचीचं कुणी विचारलं नाही.
सगळ्यांना मोहोळघारी दिसल्या. मला दिसल्या नाहीत. सगळे बोट दाखवत होते, पण बोट जिथे संपतं तिथून पुढे आकाश फार आहे.
दुर्बिणीत दोष असावा.

५ मे
जवळच्या रेज्जो शहरातलं संग्रहालय. ब्राँझचे दोन योद्धे, प्राचीन पुतळे. आत सोडण्याआधी एका बंद खोलीत उभं करून आपल्या अंगावरची धूळ काढतात. मी एकटाच गेलो. आज वारा चांगला आहे, योद्धे काही उडून जात नाहीत, असं ओर्नेल्ला म्हणाली. खरं आहे. योद्धे नागवे असूनही निश्चिंत वाटले.
जेवताना तिने सांगितलं की शेपटीवरच्या पट्ट्यांवरून नर-मादी कसे ओळखायचे ते बर्तोल्दीने शिकवलं. मी तलवारमाशाचा तुकडा संपवला. तिचाही संपवला. मत्सर ही गावंढळ भावना आहे.

७ मे
बारमध्ये सान्तोला सहज विचारलं, समजा एखाद्याने मोहोळघार पाडली नाही, नुसती नीट पाहिली, तर चालतं का. प्रश्न अभ्यासापुरता होता. त्याने तो मोठ्याने सगळ्या बारला विचारला. न्हावी म्हणाला, नुसतं पाहून लग्न लागत नाही, मग नुसतं पाहून ते टिकेल कसं. दुसरा म्हणाला, फोटो काढला तर निम्मं धरायला हरकत नाही. वाद बराच वेळ चालला. कुणाची बायको, हे कुणी विचारलं नाही. सगळे माझ्याकडे पाहून बोलत होते, तो निव्वळ योगायोग.

८ मे
दिसली. सर्वांत आधी मलाच. ओरडून सांगितलं. बर्तोल्दीने टेलिस्कोप वळवला, पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, सीगल आहे, पण तरुण आहे, चूक होऊ शकते.
ओर्नेल्ला हसली. सीगलला.

१० मे
निरीक्षणाआधी मंडळी ग्रानीता, म्हणजे कॉफीचा बर्फाळ चुरा, आणि ब्रिओश हा गोड पाव खातात. आज ओर्नेल्लाने तिचा अर्धा ब्रिओश बर्तोल्दीला दिला. त्याने स्वतःच्या रुमालाने तिच्या दुर्बिणीची काच पुसली. मी बघितलं. मला लांबचं दिसत नाही हा आरोप खोटा आहे.
वडिलांची बंदूक सान्तोकडे आहे. हातात घेऊन पाहायला काय हरकत आहे. कौटुंबिक वस्तू आहे. सान्तो म्हणाला, उद्या सकाळी ये, निरीक्षणाच्या जागेसमोरच्या कड्यावर जुना बंकर आहे, तिथे मोहोळघारी अगदी खालून उडतात. मी बजावलं, काडतुसं नकोत. तो म्हणाला, मग झाडू घेऊन ये.
ओर्नेल्लाला सांगितलं, पाठ धरली आहे, उद्या नॉर्मन चर्च पाहीन.

११ मे
काडतुसं होती. रिकामी बंदूक हातात नीट बसत नाही.
बंकरमध्ये ओल. सान्तो खाली काटेरी झुडपात बसून पहारा देत होता आणि सॉसेज खात होता. मग ती आली. इतकी खाली की मान वर करावी लागली नाही. करडं डोकं, पिवळा डोळा. पंख न हलवता येत होती. माझ्याकडे तिने पाहिलं, आणि त्यात काहीच वैर नव्हतं. मी डोळे मिटले. बार झाला. डोळे उघडले तेव्हा पाईनची एक फांदी खाली पडत होती आणि ती पलीकडच्या उतारावर शांतपणे वर चढत होती.
समोरच्या डोंगरावर शिट्ट्या. पळालो. सान्तो आधीच पळाला होता.
वाटेत वनपोलिसांनी अडवलं. त्यांच्या साहेबाने सांगितलं, निरीक्षणाच्या जागेवरून फोन आला. टेलिस्कोपवर एक बाई होत्या. म्हणाल्या, माझे यजमान आहेत, उजवा खांदा पाडून पळतात.
एवढ्या अंतरावरून. तिची नजर तयार झाली आहे, हे मान्य करायला हवं.
बंदूक जप्त. खटला होईल.

१२ मे
ओर्नेल्लाने विचारलं, का?
माझ्यापुढे दोन उत्तरं होती. पहिलं: शिकारीची हौस. म्हणजे मी पक्षी मारणारा. दुसरं: खरं. खऱ्याने माणूस हळवा होतो असं वाटलं. सांगितलं, तुझ्यासाठी केलं. समजूत समजावून सांगितली. बर्तोल्दी, ब्रिओश, रुमाल, सगळं.
तिने गळ्यातली दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, कोझिमो, त्या माणसाने आठ दिवसांत मला एकच खाजगी प्रश्न विचारला. उन्हाचं क्रीम आहे का.
मी म्हणालो, बघ, मग काहीच बिघडलं नाही.
ती म्हणाली, तू नुसता शिकारी असतास तर मी भांडले असते आणि विसरले असते. पण मी डोंगरावर पक्षी मोजत होते आणि तू समोर बसून मला मोजत होतास.
मी म्हणालो, मी ती समजूत मानत नाही.
ती बॅग भरायला उठली. कुनेओला बहिणीकडे जाणार. किती दिवस, असं विचारलं. म्हणाली, या वर्षी तरी तिथेच.

१३ मे
स्टेशनवर येऊ नकोस म्हणाली, म्हणून गेलो नाही. तिच्या मताचा मी नेहमीच आदर केला आहे. दुपारी चर्च पाहिलं. बंद होतं.
जेवायला खाली आलो. लॉजच्या मालकीणबाई इम्माकोलातांनी कोपऱ्यातल्या टेबलावर एकच ताट मांडून ठेवलं होतं, समोरची खुर्ची काढून टाकली होती. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. इथली सेवा उत्तम आहे.