मापाचा माणूस

शुक्रवार, ता. १४

चि. टिटवे,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझा गुडघा कुरकुरतो. तुझी आई कुरकुरत नाही, त्याचीच काळजी. अक्षर वाकडं आहे, डोळे ताणून वाच.

तुझा पुस्तकवाला, तुझे फोटो छापणारा, येऊन गेला. जंगलातल्या दगडी पुलांचे सगळे फोटो मिळाले, एकच पूल राहिलाय म्हणाला. "तुमची नात फोन उचलत नाही, आजी." म्हटलं, "माझाही उचलत नाही. रांगेत उभे राहा."

पुढच्या खोलीत लावायला तुझ्या बाबाचा फोटो शोधला. फोटोवालीचं घर, आणि बापाचा एक धड फोटो नाही. पूल केवढा ते कळावं म्हणून तू त्याला प्रत्येक कमानीवर उभा केलास, आणि सगळीकडे तो नखाएवढा. लाल स्वेटर तेवढा दिसतो. "मी मापाचा माणूस," म्हणून मिरवायचा. दुकानदाराने एक मोठा करून दिला, तर तोंडाच्या जागी नुसते ठिपके.

तू सगळ्यांना सांगितलंस, बाबा पुलावरून पाणी बघायला वाकले आणि घसरले. मी मान डोलावली. पण दवाखान्यात तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हा तो शुद्धीवर आला होता. म्हणाला, "पोरगी म्हणाली, बाबा, जरा मागे. मी सरकलो. तिचा डोळा काचेत, माझं लक्ष तिच्याकडे. मागचा कठडा ढासळलाय ते कोणी बघितलंच नाही. मी बोललो ते तिला कळू देऊ नकोस." पुढे काही बोलला नाही तो, कधीच.

मी कळू दिलं. पोटात ठेवून बघितलं, राहत नाही. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. ते तू सांगायचंस, समोर बसून.

तुला माफ केलं असं लिहायला हात वळत नाही. माझा मुलगा होता तो. पण तू तिकडे दार लावून बसलीस, कॅमेऱ्याला हात लावत नाहीस म्हणे. घरातून एक गेला तेवढा पुरे.

रविवारी ये. आधी आईशी बोल, मग आपण जाऊ. उरलेल्या पुलावर उभं राहायला माणूस लागेलच. मी राहते, कमानीच्या मधोमध, काठीसकट. चौकटीत मावले नाही तर तू काय ते मागेपुढे हो. मी हलणार नाही.

तुझ्या बाबाची आई