नावेत भाषण नाही

लातूर,
१९ जानेवारी २००४

तीर्थस्वरूप दादा,

शरणु शरणार्थ. वहिनींचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं.

दादा, त्र्याण्णवच्या भूकंपात घरची माणसं गमावलेल्या आपल्यासारख्या सगळ्यांची एकच तक्रार आहे: डॉक्टर वेळेवर आला नाही. आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली आणि डॉक्टरची वाट बघत गेली. म्हणून आपण ठरवलं, तुमची सुकन्या डॉक्टर होणार. तुम्ही चाकूरला शेत बघायचं, मी तिला लातुरात माझ्या घरी ठेवून क्लास बघायचा. तक्रार खरी होती. पण ती आपण तेव्हा आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवली.

"सुकन्या अभ्यासात मग्न आहे" हे मी खोटं लिहिलं. महिना झाला, ती क्लास सोडून किनवटला आहे. माझी जुनी विद्यार्थिनी लुबना तिथं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे, तिच्याकडे. सुखरूप आहे. पोटभर जेवते.

शनिवारी तिला आणायला गेलो. म्हणाली, "आधी नावेत बसा, मग बोलू." पैनगंगेचं पाणी संथ, दोन्ही काठांना साग. नाव नरसिंग नावाच्या भोयाची. मी समजवायला तोंड उघडलं. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. खडकावरचे बगळे उडाले. नरसिंगनं वल्हं पाण्यातून काढून मांडीवर ठेवलं.

"साहेब, भाषण गावात करा. हितं जनावरं ऐकून राहिलीत."

"मी फक्त दोन शब्द..."

"दोन कवाच झाले, काका," सुकन्या म्हणाली.

अर्धा तास गप्प बसलो. मग पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं, मागून आणखी तीन. पाणमांजरं. आई मासा फाडून पिलांना देत होती. सुकन्या वहीत वेळ, जागा, संख्या लिहीत होती. तिचा हात इतका स्थिर मी अभ्यासाच्या टेबलावर कधी पाहिला नव्हता.

परतताना ती हळू बोलली, "काका, क्लासच्या त्या सत्कारात तुम्ही मला नऊशे पोरांसमोर उभं केलं. म्हणालात, ही नापास झाली तर हिची आजी दुसऱ्यांदा मरेल. त्या ढिगाऱ्यात आजीच्या शेजारी मी पण होते. तेव्हापासून पुस्तक उघडलं की मातीच दिसते."

त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या, दादा. मी खुशीत घरी आलो. दुसऱ्या सकाळी ती निघून गेली. दोष माझा होता, म्हणून तुम्हाला कळवलं नाही.

तिला नांदेडला प्राणिशास्त्र शिकायचं आहे. जूनमध्ये प्रवेश आहेत. पण "बाबा हो म्हणाले तरच" असं म्हणते. सोबत कोरं कार्ड ठेवलंय, किनवटचा पत्ता घातलाय. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण नंतर. आधी त्या कार्डावर लिहा, "सुकन्या, प्राणिशास्त्र घे," आणि आजच पेटीत टाका.

तुमचा आणि तुमच्या लेकीचा अपराधी,
रामलिंग