पोरींच्या फोटोची लेन्स

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमचा मोठा फोटो मीच छापला, आणि चांगल्या लेन्सनं छापला. पानानं काळे पडलेले दात, हनुवटीवरचा वण, एक डोळा बारीक, सगळं आलंय. भाऊ म्हणाला, “कायले असा केला? जुन्या लेन्सनं कर न, बाबा देखणे दिसतीन.” मी नाही म्हटलं.

ही लेन्स निवडली होती मी. पुसदच्या आपल्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या लेन्समधून आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गाचा फोटो मोठा केला की मध्ये बसलेल्या सिस्टर स्पष्ट यायच्या आणि कडेच्या मुली धुरकट. म्हणून तीच निगेटिव्ह घेऊन आपण नागपूरला गेलो. दुकानातल्या एन्लार्जरवर, फोटो मोठा करायच्या यंत्रावर, मी एकेक लेन्स लावून बघत होते, नुसते कोपरे. एकीत कोपऱ्यातल्या मुलीच्या रिबनीची गाठसुद्धा दिसली. तुम्ही दुकानदाराला म्हणालात, पोरीची नजर पहा. पुसदला येईपर्यंत ती लेन्स माझ्या मांडीवर होती.

पण स्थळासाठी पाठवायचा मुलीचा फोटो असला की तुम्ही जुनीच लावायचात, तीही तिचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, म्हणजे चेहरा सायीसारखा मऊ यावा. माझाही तसाच छापलात. लहानपणी स्टोव्हच्या भडक्यानं गालावर पडलेला डाग त्यात विरून गेला. आर्णीचे पाहुणे येतात. मुलाची आई फोटो माझ्या गालाशी धरून बघते. तुम्ही हसत सांगता, मागच्याच महिन्यात भाजली, जाईल तो डाग. मी पोह्यांची ताटली खाली ठेवते आणि म्हणते, “पाच वर्षांची होते तेव्हापासून आहे.”

चहा न घेताच ते उठले. “तुह्या तोंडानंच तुह्यं नुकसान केलं,” तुम्ही म्हणालात, आणि मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकवलंत. खोटं तुमचं, आणि बदनाम माझं तोंड. आता माझ्या पेन्शनीच्या घरात तुम्ही दारासमोरच लटकता. येणारा प्रत्येक जण आधी तुमचे दात पाहतो. मला फार बरं वाटतं.

काल न्हाणीघरात अंधार करून, लाल दिवा लावून, माझी ती स्थळाची निगेटिव्ह काढली. तुमच्या शेजारी लावायला डागासकट छापायची होती. छापली. डाग स्वच्छ आलाय, आणि मुलगी चांगली दिसते.

हे लिहिलेला कागद एन्लार्जरच्या खोक्यात ठेवून देते. तिथं कुणी बघत नाही, म्हणून सांगते: काल लेन्स लावताना माझा हात आधी जुनीकडेच गेला होता.